बार्शीच्या माळवदावरून जीसॅट-१५: आकड्यांवर उपग्रह गाठायची रीत

डिश बसवायला आलेला माणूस माळवदावर उभा राहून डिश इकडे तिकडे हलवतो, आणि खालून घरातलं कुणीतरी "आलं... गेलं... परत आलं..." असं ओरडत राहतं. आमच्या भागात अजूनही निम्म्या डिश अशाच बसतात. त्यात अख्खी दुपार जाते, आणि जे लागतं ते जेमतेम लागतं. पहिल्या वळवाच्या पावसात चित्राचे तुकडे पडायला लागतात. उपग्रह आकाशात नेमका कुठे आहे हे अकरावीच्या त्रिकोणमितीवर, खुर्चीत बसून, पाच मिनिटांत काढता येतं. ते आधी काढा, मग शिडी लावा. माझं सगळं सांगणं एवढंच आहे, पुढचा मजकूर ते कसं करायचं याचा.

बार्शीत आमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आण्णांनी ते रेडिओच्या काळात सुरू केलं, आता मी बघते. डीडी फ्री डिशची कामं सगळ्यांत जास्त असतात, कारण महिन्याचं भाडं नाही, एकदा बसवली की झालं. हाताखाली येणाऱ्या पोरांना मी पहिला आठवडा पान्याला हात लावू देत नाही. वही आणि कॅल्क्युलेटर देते.

कोणाकडे तोंड करायचंय

फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या इस्रोच्या उपग्रहावरून येतात. ११ नोव्हेंबर २०१५ च्या पहाटे, आपल्या वेळेनुसार तीनच्या सुमारास, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या कुरू तळावरून एरियन-५ रॉकेटने तो नेला. सोबत अरबसॅट-६बी हा दुसरा उपग्रह होता. उड्डाणावेळी जीसॅट-१५ चं वजन ३,१६४ किलो होतं, आणि त्यातला मोठा हिस्सा इंधनाचा. त्यावर केयू पट्ट्यातले (घरगुती डिशच्या वारंवारतांचा हा पट्टा) २४ ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारे संच, आहेत, शिवाय विमानांना अचूक स्थान सांगणाऱ्या गगन यंत्रणेचा एक संच आहे. त्याच्या सौरपंखांची वीज सुमारे ६,२०० वॉट. म्हणजे तीन-चार घरगुती गिझर चालतील एवढ्या विजेवर तो देशभरातल्या माळवदांना पुरतो.

तो विषुववृत्ताच्या बरोबर वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. समुद्रसपाटीपासून उंची ३५,७८६ किलोमीटर. या उंचीवर एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची होते, आणि पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असूनही तो आपल्याला एका जागी दिसतो. डिशला मोटर लागत नाही ती यामुळे.

बार्शीपासून त्याचं सरळ रेषेतलं अंतर साधारण ३६,५०० किलोमीटर येतं. दूरदर्शनचा सिग्नल दिल्लीतल्या तोडापूरच्या भू-केंद्रातून वर जातो आणि तिथून खाली आपल्याकडे येतो. हा सगळा प्रवास जवळपास पाव सेकंदाचा. येताना सिग्नल किती क्षीण होतो ते बघा: ११ गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरात सुमारे २०५ डेसिबलची घट होते (डेसिबल हे पटींचं माप, दर दहाला दहापट). ६० सेंटीमीटरची डिश त्यातले ३५ डेसिबल परत मिळवून देते. डिश दीड अंश चुकली की सिग्नलचं जवळपास निम्मं बळ गेलं. म्हणून एका अंशासाठी मी एवढी भांडते.

तीन कोन

तीन आकडे काढायचे: दिशा, उंची आणि एलएनबीचा, म्हणजे डिशच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, पीळ. त्यासाठी आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश लागतात. मोबाइलच्या नकाशात आपल्या माळवदावर बोट दाबून धरलं की ते दिसतात. बार्शीचे १८.२ उत्तर आणि ७५.७ पूर्व.

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे का, हे आधी तपासा. रेडियनवर असला तर सगळी उत्तरं भलतीच येतील.

आधी रेखांशांतला फरक काढा: ९३.५ वजा ७५.७, म्हणजे १७.८ अंश. उपग्रह आपल्या पूर्वेला आहे, म्हणून तो दक्षिणेच्या डावीकडे, आग्नेयेला सापडणार.

दिशा: फरकाचा टॅन घ्या, त्याला अक्षांशाच्या साइनने भागा, उत्तराचा उलटा टॅन काढा आणि १८० मधून वजा करा. बार्शीसाठी टॅन १७.८ म्हणजे ०.३२११, साइन १८.२ म्हणजे ०.३१२३. भागाकार १.०२८, उलटा टॅन ४५.८. म्हणजे दिशा १३४.२ अंश, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजून. दुसऱ्या शब्दांत, दक्षिणेपासून पूर्वेकडे ४५.८ अंश.

उंची: फरकाचा कोसाइन गुणिले अक्षांशाचा कोसाइन. ही संख्या वहीत लिहून ठेवा, तिला 'क' म्हणू. बार्शीचा क येतो ०.९०४५. त्यातून ०.१५१३ वजा करा. हा आकडा कुठून आला ते पोरं हमखास विचारतात. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, उपग्रहाच्या कक्षेची त्रिज्या ४२,१६४ किलोमीटर, पहिलीला दुसरीने भागलं की ०.१५१३. वजाबाकी ०.७५३२ आली. आता १ मधून क चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढा: ०.४२६५. वजाबाकीला याने भागा, १.७६६. उलटा टॅन ६०.५ अंश. क्षितिजापासून इतका वर.

पीळ: फरकाचा साइन भागिले अक्षांशाचा टॅन, आणि उलटा टॅन. बार्शीत ४३ अंश.

हेच गणित इतर गावांसाठी केलं की मुंबईला दिशा १३१, उंची ५७.५, पीळ ४५.५ येतो. पुण्याला दिशा १३१.७, उंची ५८.८, पीळ ४५. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे दिशा १४४.५, उंची ६०.३ आणि पीळ फक्त ३३. पणजीत दिशा १२७, उंची ६१, पीळ ५०.५. नागपूरचा फिटर मुंबईच्या अंदाजाने एलएनबी पिळायला गेला तर बारा अंशांनी चुकेल, हे यातून दिसतंच. आकडे देणारी मोबाइल ॲप आहेत, ती वापरा, माझी ना नाही. पण एकदा तरी हाताने काढा. मग ॲपने भलताच उपग्रह निवडला असला तर तुम्हाला लगेच कळेल.

एक गोष्ट फार थोडे जण लक्षात घेतात. उंची साठ अंशांच्या आसपास असताना दिशेतली एक अंशाची चूक आकाशात अर्ध्याच अंशाची होते, उंचीतली एक अंशाची चूक मात्र पुरती एक अंशाची राहते. म्हणून दोन्हींतलं एक जपायचं असेल तर उंची जपा.

डिशचं तोंड आणि डिशची नजर

घरगुती डिश ऑफसेट जातीची असते. तिचं तोंड जिकडे दिसतं त्याच्या बऱ्याच वर तिची नजर असते. नवखा फिटर नेमका इथे फसतो: साठ अंश म्हणून तो डिशचा चेहराच साठ अंश आकाशाकडे वळवतो, आणि मग दिवसभर काही लागत नाही.

हा फरक किती, ते डिश मोजून काढता येतं. टेप घ्या, डिशची रुंदी आणि उंची मोजा. ऑफसेट डिश रुंदीपेक्षा उंचीला जास्त असते. रुंदी भागिले उंची, आणि त्याचा उलटा कोसाइन, हा झाला ऑफसेट. ६० बाय ६६ सेंटीमीटरच्या डिशला तो २४.६ अंश येतो. आता बार्शीच्या ६०.५ मधून २४.६ गेले, उरले ३५.९. डिशचा चेहरा उभ्या रेषेपासून फक्त इतकाच मागे झुकवायचा. डिशच्या वरच्या आणि खालच्या कडेवर एक सरळ पट्टी ठेवा, पट्टीवर मोबाइल ठेवून कोन मापणारं ॲप उघडा. आडव्या पातळीपासून ५४ अंश दिसले की जमलं. क्लॅम्पवर छापलेल्या पट्टीपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे, कारण क्लॅम्पची पट्टी खांब उभा असेल तरच खरं बोलते.

खांबाचा विषय निघालाच आहे तर: खांब ओळंब्यात हवा. दोन बाजूंनी ओळंबा लावून बघा, एका बाजूने बघून चालत नाही. खांब दोन अंश कलता असला की डिश दिशेला फिरवताना उंचीही आपोआप बदलत जाते, आणि मग एक जमवलं की दुसरं बिघडतं. ज्या घरी तासन् तास सिग्नल सापडत नाही, तिथे मी आधी खांबच बघते.

दक्षिण कुठे

महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात अंशाचाही फरक पडत नाही, त्यामुळे होकायंत्र चालायला हवं. पण माळवदावर पत्रा असतो, स्लॅबमध्ये सळया असतात, बाजूला लोखंडी टाकीचा स्टँड असतो. मोबाइलचं होकायंत्र तिथे दहा-वीस अंश सहज भरकटतं. म्हणून मी सूर्य वापरते.

बार्शीचा रेखांश ७५.७ आणि आपल्या घड्याळाचा ८२.५, त्यामुळे इथे सूर्य माथ्याच्या रेषेवर बाराला येत नाही, सरासरी १२ वाजून २७ मिनिटांनी येतो. ऋतूप्रमाणे ती वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:११ पर्यंत अलीकडे येते आणि फेब्रुवारीत १२:४१ पर्यंत पलीकडे जाते. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. खडूने रेघ मारा, कोनमापक लावा, दक्षिणेच्या टोकापासून पूर्वेकडे ४५.८ अंश मोजून दुसरी रेघ मारा. डिशचा दांडा त्या रेघेवर यायला हवा.

साधारण १२ मे ते ३१ जुलै या काळात सूर्य बार्शीच्या उत्तरेकडून जातो, त्यामुळे दुपारची सावली दक्षिणेला पडते. रेघ तरीही खरीच असते, फक्त टोकं ओळखताना घोटाळा करू नका. त्या दोन तारखांच्या आसपास सावली जवळपास नसतेच, तेव्हा सकाळच्या आणि दुपारच्या सारख्या लांबीच्या दोन सावल्यांचा मध्य काढा.

माळवदावरचं काम

एलएनबी युनिव्हर्सल घ्या, ९७५०/१०६०० ची. शोधायला मी ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० हा ट्रान्सपाँडर लावते. दूरदर्शन वारंवारता मधूनमधून बदलतं, तेव्हा चालू यादी एकदा पाहून घ्या. ११०९० मधून ९७५० वजा केले की १३४० मेगाहर्ट्झ, केबलमधून प्रत्यक्षात एवढीच वारंवारता खाली येते. व्हर्टिकलसाठी बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो, हॉरिझॉन्टलसाठी १८. केबल जोडताना-काढताना बॉक्स बंद ठेवा. एफ-कनेक्टरमध्ये जाळीचा एक केस मधल्या तारेला चिकटला तरी हे व्होल्ट शॉर्ट होतात.

एलएनबी कुठल्या बाजूला पिळायची यावरून वाद होतात. डिशच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहा: महाराष्ट्रात कुठेही पीळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. डिशच्या समोर उभं राहून बघत असाल तर काट्यांच्या दिशेने. केबलचं तोंड सहावरून साडेसातच्या जागी येतं. कारण असं की उपग्रहाची आडवी दिशा विषुववृत्ताला समांतर असते आणि आग्नेय आकाशात ती रेषा उजवीकडे चढत जाते. गणिताचा ४३ हा आरंभ समजा, शेवटचे दोन-चार अंश क्वालिटी बघून ठरवा.

आता उंचीचे बोल्ट आकड्यावर आवळा, दिशेचे सैल ठेवा, आणि खडूच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच अंश अगदी हळू फिरवा. बॉक्सला सिग्नल पकडायला क्षणभर लागतो, म्हणून थोडं फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. पट्ट्या दोन असतात. स्ट्रेंग्थची पट्टी एलएनबी जोडली की उपग्रह नसतानाही वर जाते, तिच्याकडे बघूच नका. क्वालिटी बघा.

साध्या सुईच्या सॅटफाइंडरने (सिग्नल किती येतोय ते दाखवणाऱ्या मापकाने) माणूस हमखास फसतो तो शेजाऱ्यामुळे. ९५ अंशांवर डिश टीव्हीचा उपग्रह आहे. बार्शीतून तो १३१.७ दिशेला आणि ५९.३ उंचीला दिसतो, म्हणजे आपल्या उपग्रहापासून आकाशात जेमतेम पावणेदोन अंशांवर. ६० सेंटीमीटरच्या डिशची नजर सुमारे तीन अंश रुंद असते, तिच्यात दोघेही येतात. सुईला कोण कुणाचं ते कळत नाही, बॉक्सच्या क्वालिटीला कळतं. सुई चढली आणि क्वालिटी शून्य असेल तर डिश किंचित दक्षिणेकडे आणि किंचित वर घ्या. टाटा प्लेचा ८३ अंशांवरचा उपग्रह मात्र खूप लांब आहे, १५८ दिशेला आणि ६७ उंचीला. शेजाऱ्याची टाटा प्लेची डिश बघून आपली डिश लावणाऱ्याला काही सापडत नाही ते त्यामुळे.

क्वालिटी आली की जिथे ती डावीकडे पडते आणि जिथे उजवीकडे पडते त्या दोन्ही जागांवर खुणा करा, आणि डिश त्यांच्या मधोमध आणा. उंचीचंही तसंच. सर्वांत मोठा आकडा दिसला तिथे थांबण्यापेक्षा मध्य काढलेली डिश पावसात जास्त टिकते. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच पूर्ण आवळला की डिश सरकते. स्कॅन केल्यावर डीडी सह्याद्री लागली की काम जमलं.

केयू पट्ट्याला पाऊस शोषतो. मुसळधार पावसात पाच-दहा मिनिटं चित्र गेलं तर तो डिशचा दोष नाही. रिमझिमीत गेलं तर मात्र डिश चुकलेली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी आहे. एलएनबीजवळ केबलला खाली झोका द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आणि कनेक्टरवर रबरी टोपी चढवा. केबल आरजी-६ आणि शक्य तितकी आखूड.

सूर्याकडून तपासणी

आता माझ्या सर्वांत आवडीचं. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर जीसॅट-१५ च्या मागून जातो. बार्शीत एकदा १२ मार्चच्या आसपास, सकाळी ११ वाजून १४ मिनिटांच्या सुमाराला, आणि पुन्हा १ ऑक्टोबरच्या आसपास, १० वाजून ५४ मिनिटांच्या सुमाराला. आगेमागे दोन-तीन दिवस तोच प्रकार. सूर्य स्वतः मोठा रेडिओ-गोंगाट करतो, आणि तो गोंगाट डिशच्या नजरेत आला की काही मिनिटं क्वालिटी खाली येते. त्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला तर शिडी काढू नका, वेळ बघा.

ही तारीख विषुवदिनाला न येता आठवडाभर लांब का येते, याचंही कारण सुंदर आहे. उपग्रह विषुववृत्तावर आहे, पण आपण उत्तरेला उभे राहून त्याच्याकडे बघतो. तो सूर्य-चंद्रासारखा फार दूर नाही, त्यामुळे आपल्याला तो आकाशातल्या विषुववृत्ताच्या ३.१ अंश दक्षिणेला सरकलेला दिसतो. सूर्यही ३.१ अंश दक्षिणेला असतो त्या दिवशी दोघे एका रेषेत येतात. म्हणजे आपण गणितात घातलेलं अंतर खरं आहे, याचा पुरावा प्रत्यक्ष आकाशात मिळतो.

याचा उपयोग काय? त्या दिवशी त्या वेळी तुमच्या डिशवर ऊन पूर्ण पडतंय का बघा. कडुनिंबाच्या फांदीची किंवा शेजारच्या नव्या मजल्याची सावली डिशच्या कडेवर आली असेल तर ती वस्तू उपग्रहाच्या आड येते आहे, किंवा पुढच्या वर्षी येणार आहे. नवीन जागा निवडायची असेल तर त्या वेळी माळवदावर फिरून बघा; जिथे ऊन आहे तिथे जीसॅट-१५ आहे. आणि डिश नीट लागलेली असेल तर परावर्तित उजेड एलएनबीच्या तोंडावर गोळा झालेला दिसतो. आमच्याकडच्या पोरांना मी या दोन्ही तारखांना मुद्दाम माळवदावर नेते. वहीतला १३४.२ आणि ६०.५ हा आकडा डोळ्यांसमोर तळपताना बघितला की गणिताशी त्यांचं नातंच बदलतं. बाकी कोणत्याही उपकरणाने हे साधत नाही. सूर्याकडे थेट बघू मात्र देत नाही, सावलीच बघायची.

याच महिन्यांत रात्री उलट घडतं. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो, विषुवदिनाला सर्वांत जास्त, ७२ मिनिटांपर्यंत. ९३.५ रेखांशाची मध्यरात्र आपल्या घड्याळात सव्वाअकराच्या सुमाराला होते, त्यामुळे ग्रहणाचा मध्य तेव्हा. तेवढा वेळ तो बॅटरीवर चालतो आणि आपल्या घरात मालिका चालूच राहते. तिपाईवर कॅमेरा ठेवून, आपल्याच आकड्यांच्या दिशेला, पंधरा-वीस सेकंदांचे फोटो एकामागून एक काढले तर तारे रेघा ओढतात आणि भूस्थिर उपग्रह ठिपका म्हणून राहतो. अंधारी जागा आणि लांब पल्ल्याची लेन्स हवी, साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. जीसॅट-१७ याच रेखांशावर आहे, त्यामुळे जवळजवळ दोन ठिपके आले तर दचकू नका.

रोजची हजेरी

स्थिर म्हटलं तरी तो आपोआप स्थिर राहत नाही, त्याला रोज राखावं लागतं. हे काम कर्नाटकातल्या हासनचं नियंत्रण केंद्र करतं, दुसरं केंद्र भोपाळला आहे. पृथ्वीचं विषुववृत्त पूर्ण गोल नाही. त्यामुळे भूस्थिर उपग्रह हळूहळू दोन जागांकडे ओढले जातात, त्यातली एक ७५ अंश पूर्वेच्या आसपास. म्हणजे आमच्या शेजारच्या करमाळ्याचा रेखांश! इंजिन बंद पडलेले कितीतरी उपग्रह करमाळ्याच्या रेखांशाभोवती वर्षानुवर्षं पूर्व-पश्चिम झुलत आहेत. जीसॅट-१५ लाही ती ओढ पश्चिमेकडे खेचते. सूर्य आणि चंद्र मिळून त्याची कक्षा वर्षाला पाऊण ते एक अंश तिरकी करू बघतात. बहुतेक इंधन हा तिरकेपणा काढण्यात खर्ची पडतं, आणि इंधन संपलं की आयुष्य संपलं.

हे सगळं घरबसल्या पाहता येतं. सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावर जीसॅट-१५ नावाने शोधा, कक्षेच्या दोन ओळी मिळतील, प्रत्येकी ६९ अक्षरांच्या. अमेरिकी स्पेस फोर्सच्या मोजमापांवरून त्या बनतात आणि सतत ताज्या होतात. पहिल्या ओळीत १५०६५ दिसेल: २०१५ सालचं ६५वं प्रक्षेपण. दुसऱ्या ओळीत उपग्रहाच्या क्रमांकानंतरचा पहिला आकडा कक्षेच्या तिरकेपणाचा. तो शून्याला चिकटून हवा. शेवटचा मोठा आकडा दिवसाच्या फेऱ्यांचा, तो १.००२७ च्या आसपास हवा. त्याहून वाढला तर उपग्रह पूर्वेला सरकतोय, कमी झाला तर पश्चिमेला. रेखांश काढायचा असेल तर दुसऱ्या ओळीतले तिसरा, पाचवा आणि सहावा आकडा (हे तिन्ही कोन आहेत), ओळीचा क्रमांक सोडून मोजलेले, यांची बेरीज करा आणि त्या क्षणाची ग्रीनिचची नाक्षत्र वेळ, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वी किती फिरली तो कोन, अंशांत वजा करा. ३६० च्या पटी काढून टाकल्या की ९३.५ च्या आसपासचा आकडा उरतो. कंटाळा आला तर जीप्रेडिक्ट या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये ओळी टाका, ते स्वतःच दिशा आणि उंची देतं. आपल्या १३४.२ आणि ६०.५ शी ताडून बघा.

महिन्यातून एकदा तिरकेपणाचा आकडा वहीत उतरवून ठेवा. जीसॅट-१५ ची आखलेली मुदत बारा वर्षांची, म्हणजे २०२७ पर्यंतची. उपग्रह मुदतीनंतरही चालतात, पण इंधन वाचवायला आधी उत्तर-दक्षिण राखण थांबवतात. तसं झालं तर हा आकडा महिन्यागणिक चढायला लागेल. तो एक अंशाला पोचला की उपग्रह रोज एक अंश वर आणि एक अंश खाली झुलेल, आणि आपल्या डिशची क्वालिटी दिवसातून ठरावीक वेळी पडेल, तीही रोज चार मिनिटं आधी. डिश हलवून त्यावर उपाय होत नाही; मध्यावर लावलेली डिश तेव्हा जास्त दिवस तग धरेल.

फ्री डिश आधी इन्सॅट-४बी वर होती, त्याच ९३.५ वर. मार्च २००७ मध्ये सोडलेला तो उपग्रह जानेवारी २०२२ मध्ये उरलेल्या इंधनावर टप्प्याटप्प्याने भूस्थिर कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर नेऊन बंद केला, म्हणजे जागा पुढच्यांना मोकळी राहील. त्याच्याही दोन ओळी सेलेस्ट्रॅकवर मिळतात. त्याच्या दिवसाच्या फेऱ्या एकापेक्षा किंचित कमी भरतात, म्हणून तो रोज सुमारे चार अंश पश्चिमेला सरकत राहतो. जीसॅट-१५ च्या ओळीत असे आकडे दिसायला लागले तर नव्या उपग्रहाचा रेखांश शोधा आणि वरचं गणित पुन्हा करा. फक्त ९३.५ च्या जागी नवा आकडा घालायचा, बाकी सगळं तेच.